दहा बोटांची पत्रिका

नगर, १२ जानेवारी १९७३

दादा,

तीर्थरूप आणि शिरसाष्टांग लिहायचा हक्क तुम्ही मला ठेवलाय की काढून घेतलाय, ते कळायला मार्ग नाही. म्हणून नुसतं दादा. वीस महिन्यांतलं हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन परत आली नाहीत, म्हणजे पोचली असावीत असं मी धरून चालले आहे.

मी बरी आहे. पोलीस लाईनीतली खोली सोडावी लागली. सावेडीच्या वाटेला एका शाळामास्तरीणबाईंच्या मागच्या खोलीत राहते आणि कचेरीत पायी जाते.

केडगावजवळ ट्रकनं यांच्या सायकलीला धडक दिली आणि हे गेले. त्यानंतर दीड महिन्यानं तुम्ही मला पुणतांब्याला न्यायला आला होतात. मी म्हणाले, यांच्या जागी मला कारकुनी मिळते आहे, पोलिसांच्या रेकॉर्डात. तुम्ही विचारलंत, कसलं रेकॉर्ड? मी म्हणाले, गुन्हेगारांचं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "चोरांची वंशावळ लिहिणारी लेक माझ्या घरात जन्मली न्हाई." चहा तसाच ठेवून तुम्ही उठलात.

त्या रेकॉर्डात मी काय करते ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. गुन्हा झाला की त्याची पद्धत कार्डावर लिहायची : कौल काढून शिरला, की भिंत फोडून, की कुलूप तोडून. कार्डं तालुक्यांप्रमाणे लावायची. आणि दुसरं काम बोटांच्या ठशांचं. पकडलेल्या माणसाची दहाही बोटं शाईवरून फिरवून एका जाड कागदावर उठवतात. त्या कागदाला आम्ही पत्रिका म्हणतो. एक प्रत पुण्याच्या ब्यूरोला जाते, एक आमच्याकडं राहते.

लहानपणी बनुआत्या माझी बोटं धरून चक्रं आणि शंख मोजायची, आठवतं? मला वाटायचं तो बायकांचा खेळ. दादा, सरकारसुद्धा तेच मोजतं! चक्र, शंख, कमान. राधाकृष्ण जमादार मला शिकवतात, चौतीस वर्षं तेच काम केलंय त्यांनी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बाई, एक रेघ धरा आणि तिच्यामागं चाला." मी चालले. ती रेघ पुढं जाऊन फुटली, तिला फाटा आला, फाट्याशेजारी एक एवढंसं बेट होतं. जमादार म्हणाले, "हे बेट ह्याच जागी, ह्या फाट्याशेजारी, जगात दुसऱ्या कुणाच्या बोटावर न्हाई. आईच्या पोटात उमटलं ते चितेपर्यंत." एवढी माणसं जन्माला आली आणि देवानं एकही बोट दुसऱ्यांदा काढलं नाही. त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापताना मी माझ्याच बोटांकडं बघत होते. तव्यावरची भाकरी जळली.

एवढंच. संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवते.

पुष्पा


नगर, २८ जानेवारी १९७३

दादा,

तिळगूळ मिळाला असेल.

पंधरा दिवसांपूर्वी सिव्हिल हॉस्पिटलमधून चिठ्ठी आली. दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या बांधाशी, एक म्हातारा खडी फोडता फोडता कोसळला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्याला आणून टाकलं आणि आणणारे निघून गेले. कामावर येऊन त्याला दोनच दिवस झाले होते, हजेरीपटावर नावही चढलं नव्हतं. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. नाव नाही, गाव नाही. अशा माणसाचे ठसे घेऊन पुण्याला पाठवायचे, कुठं नोंद सापडते का बघायचं, असा रिवाज आहे.

जमादारांबरोबर मी गेले. काचेवर शाई पसरली, एकेक बोट फिरवून कागदावर टेकवलं, आणि कागदावर उठले नुसते काळे डाग. दहा बोटं, दहा डाग, एकही रेघ नाही.

"जमादार, याला रेषाच नाहीत?" मी विचारलं.

"आहेत. खडीनं खाल्ल्या." त्यांनी त्याचा तळहात उलथा केला. कातडी चकचकीत झाली होती, उंबरठ्याच्या दगडासारखी. "ह्या वर्षी निम्म्या जिल्ह्याची बोटं अशीच असतील. बोटांना विसावा मिळू द्या, येतील वर."

"परत उगवतात?"

"मुळं खोल असतात, बाई."

मला खरं वाटलं नाही. म्हणून रोज पाचला कचेरी सुटली की हॉस्पिटलात जाऊ लागले. हे मी कचेरीत कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. तिथं मालनबाई नावाची आया आहे. ती म्हणाली, "तुमचं कोन लागतं हे?" मी म्हणाले, कुणी नाही. "मग तेल कशापायी लावता?" कारण मी खोबरेल नेऊन त्याच्या बोटांना चोळत होते. तो माझ्याकडं बघायचा. डोळे एकदम शाबूत, सगळं कळणारे. मी विचारायचे, बाबा, गाव कुठलं? पाथर्डी? शेवगाव? जामखेड? तो डोळे मिटून घ्यायचा. आधी वाटलं त्याला कळत नाही. मग वाटलं, त्याला सांगायचं नाहीये.

काल, पंधराव्या दिवशी, भिंग नेलं होतं. डाव्या अनामिकेवर धरलं. रेघा वर आल्या होत्या. पेरणीनंतर कोंब जमिनीबरोबर दिसतात तशा, बारीक, पण ओळीनं. उगवताना एकही जागा चुकली नव्हती. दुष्काळानं माणसाचं सगळं पुसलं, दादा, आणि पंधरा दिवस नुसतं पडून राहिल्यावर शरीरानं त्याचं नाव परत लिहायला घेतलं. मी तिथंच खाली बसले. मालनबाईला वाटलं, मला चक्कर आली.

पुष्पा


नगर, १८ फेब्रुवारी १९७३

दादा,

आज रविवार आहे आणि माझे हात शाईनं नाही, धुळीनं काळे आहेत. सापडला!

क्रमानं सांगते. आम्ही नवीन ठसे घेतले, स्वच्छ उठले. पुण्याहून उत्तर आलं : आढळ होत नाही. साहेबांनी त्यावर 'बेवारस' असा शेरा मारायला सांगितला. डॉक्टर म्हणत होते, महिना काढला तरी खूप.

आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत जुन्या पत्रिकांचे गठ्ठे आहेत, स्वातंत्र्याच्या आधीचे. पुण्याच्या प्रती वयोमानानं केव्हाच बाद केलेल्या, आमच्या तेवढ्या राहून गेलेल्या. फेब्रुवारीअखेर ते गठ्ठे जाळायचा हुकूम आहे आणि जाळायच्या यादीवर सही माझी आहे. मी साहेबांना म्हणाले, जाळण्याआधी मला एकदा बघू द्या.

"कशासाठी?"

"त्या हॉस्पिटलमधल्या माणसासाठी."

"त्याच्यावर गुन्हा आहे का काही?"

"नाही, साहेब. नाव नाही त्याला."

ते म्हणाले, "बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे. कामाच्या वेळात असले उद्योग केलेले मला चालणार नाहीत." मी म्हणाले, रविवारी करीन. त्यांनी पुढची फाईल उघडली. त्याला मी होकार समजले.

दोन रविवार गेले. कसर लागलेले कागद, काही हात लावला की तुटणारे. दादा, मी चोरांची वंशावळ बघितली. सात वर्षांचा तुरुंग झालेल्याच्या बोटावर देवाच्या हातातल्यासारखं चक्र. तीन खून केलेल्याच्या दहाही बोटांना शंख, बनुआत्या ज्यांना भाग्याचे म्हणायची तसेच. मी माझ्या बोटांशी ताडून बघत होते, कुठं वेगळेपणा दिसतो का. चांगल्याची रेघ आणि वाइटाची रेघ असा भेद काही मला सापडला नाही.

आमच्या म्हाताऱ्याच्या उजव्या मधल्या बोटावर एकात एक गुंतलेली दोन चक्रं आहेत आणि डाव्या करंगळीवर कमान. असा जोड क्वचित येतो. आज दुपारी १९३८ सालच्या गठ्ठ्यात एक पत्रिका उलटली आणि ती दोन चक्रं समोर आली. मग करंगळी बघितली. कमान. मग भिंग घेतलं, एकेक फाटा, एकेक बेट मोजत गेले. सोळा जागा जुळल्या. पुन्हा मोजल्या. चार वेळा मोजल्या. जमादारांच्या घरी धावत गेले, ते जेवत होते. उष्ट्या हातानंच उठले आणि पत्रिका बघून म्हणाले, "पाणी द्या गं कुणी."

पत्रिकेवर लिहिलंय : सहादेव, वय चोवीस, मोहरवाडी, तालुका पाथर्डी. गुन्हा : व्यापाऱ्याचं पेव फोडून चार पायली ज्वारी नेली. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी. ते साल दुष्काळाचं होतं असं जमादार म्हणाले.

चोवीस वर्षांच्या पोराचं बोट आणि मरायला टेकलेल्या माणसाचं बोट शेजारी शेजारी ठेवून मी बघत बसले होते. मधली पस्तीस वर्षं रेषांना ठाऊकच नव्हती.

पाथर्डी ठाण्याला निरोप उद्या जाईल. गठ्ठे अजून जाळलेले नाहीत. साहेबांना उद्याच सांगायचं आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

पुष्पा


नगर, २ मार्च १९७३

दादा,

साहेब रागावले नाहीत. दोन्ही पत्रिका बघितल्या, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुण्याला पक्क्या खात्रीसाठी यांचे फोटो पाठवा." बस्स. पण गठ्ठे जाळायचे राहिलेत.

काल सहादेवची बायको आली, केशरबाई. बरोबर पुतण्या कानिफनाथ. अंगानं काटक बाई, पायात चपला नाहीत, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. पुतण्या म्हणाला, सगळा गाव पस्तीस वर्षं सांगतोय, पूस म्हणून, ही ऐकत नाही. मी कपाळावर पदर ओढून घेतला. का, ते मलाही कळलं नाही.

तिला खाटेपाशी नेलं. ती उभी राहून बघत राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही, मालनबाई दोन खाटांच्या चादरी बदलून आली. सहादेवनं एकदाच तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बाई," केशरबाई मला म्हणाली, "मला काय वळखू येत न्हाई. माझा दादला काळ्याभोर केसांचा हुता. हे कोन हायेत?"

कानिफनाथ म्हणाला, "चला काकू. उगं कुनाचं बी म्हातारं गळ्यात घालून घेता व्हय?"

केशरबाई हलली नाही. "तुझा कागद काय म्हनतो?" तिनं मला विचारलं.

तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. दोन्ही पत्रिका कट्ट्यावर मांडल्या, भिंग तिच्या हातात दिलं. तिनं ते आधी उलटं धरलं. मी म्हणाले, ही रेघ धरा आणि तिच्यामागं चाला. ती ओठ हलवत चालली. "हिथं फुटली... हिथं तुटली... आन् ही बारकी, मदीच येकली." मग दुसऱ्या कागदावर. "हिथं बी फुटली. हिथं बी तुटली." ती थांबली. "आन् बारकी बी हाय की गं."

"हो."

"ही वयामानानं बदलत न्हाई?"

"नाही. मरेपर्यंत नाही."

मग माझाच धीर सुटला. मी म्हणाले, "मावशी, पुण्याचं उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील. ते मोठे जाणकार आहेत. तोपर्यंत थांबा."

"मी पस्तीस वर्सं थांबले, मला आठ दिसाचं काय? पन ह्यांच्यापाशी हायत का आठ दिस?" तिनं माझं मनगट धरलं. "पुन्याचं मानूस मी बघितलं न्हाई. तुला बघितलंय. तू सांग. तेच हायत का?"

दादा, आजवर माझ्या बोलण्यावर कुणी बकरीसुद्धा बांधली-सोडली नव्हती. लग्न तुम्ही ठरवलंत, नोकरी यांच्या मरणानं दिली. आणि ही बाई एका माणसाला घरात घ्यायला निघाली होती, माझ्या मोजणीवर. सोळा जागा. मोजताना डोळा चुकला असेल तर? मी व्हरांड्याचा खांब धरला आणि म्हणाले, "तेच आहेत."

"मग झालं तर," ती म्हणाली. "कानिफ, टेम्पो बघ."

दुपारी त्याला टेम्पोत गादीवर घातलं. त्याचं तोंड अजून भिंतीकडचंच, म्हणजे टेम्पोच्या फळीकडं. ती त्याच्या उशाशी बसली, पदरानं त्याच्यावरचं ऊन अडवत. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी फाटकात उभी होते. नंतर कचेरीत जाऊन पाचव्यांदा मोजलं.

पुष्पा


नगर, ११ मार्च १९७३

दादा,

पुण्याचं उत्तर आलं. तोच आहे.

नऊ दिवस मी नीट जेवले नव्हते. जमादारांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चौतीस वर्षांत मी ह्या बोटांवरून माणसं आत घातली, बाई. घरी एकही पोचवलं नव्हतं." त्यांनी टोपी काढली, घातली आणि चहा सांगायला गेले.

काल कानिफनाथ सह्यांसाठी आला होता. आता तो सहादेवला 'चुलता' म्हणतो. सांगत होता, चार दिवस चुलत्यानं काकूकडं तोंड फिरवलं नाही. केशरबाई भिंतीच्या बाजूला जाऊन बसायची, की तो दुसरीकडं वळायचा. पाचव्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "चार पायली जवारी नेली, तिची भाकर मी बी खाल्ली. तुमी येकट्यानंच लाजायचं व्हय?" त्यावर तो रडला. अर्ध्या तोंडानं, पण मोठ्यानं, शेजारपाजार गोळा झाला. मग तिच्या हातून पेज प्यायला.

आणखी एक गोष्ट कळली, ती ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. गावातला एक म्हातारा धनगर आता सांगतो, सहादेव सुटून आला त्या वर्षी शिवेपर्यंत आला होता. तिथं बसला सकाळपासून. घराचा धूर दिसत होता. दुपारी उठला आणि आल्या वाटेनं माघारी गेला. धनगराला शपथ घातली, कुणाला सांगू नको. पस्तीस वर्षं आणि शिवेपासून घर किती लांब? हाकेच्या अंतरावर.

दादा, मी एक लपवलं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी तुम्ही नगरला आला होतात. एस.टी. स्टँडवर पुणतांब्याच्या गाडीपाशी उभे होतात, हातात बियाण्याची पिशवी. मी तुमच्यापासून वीस पावलांवर होते. मी खांबाआड झाले. गाडी सुटेपर्यंत बाहेर आले नाही. आधीच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला वाटत राहावं असं वाटत होतं, की तुम्हीच मला टाकलंय.

माझी नेमणूक एक तारखेपासून कायम झाली. साहेबांनी आणखी एक केलं. मागच्या खोलीतले गठ्ठे जाळण्याआधी प्रत्येक पत्रिका एकदा बघावी, असं वर लिहून पाठवलं. बघायचं काम माझ्याकडं. हे काम मी सोडणार नाही, दादा. तुम्ही म्हणालात तरी नाही. तेवढं आधीच सांगून ठेवते.

पुष्पा


पुणतांबा, २५ मार्च १९७३

दादा,

सकाळच्या गाडीनं आले. घरात फक्त वहिनी होती. मला बघून तिच्या हातातला तांब्या पडला. मग म्हणाली, मामंजी नदीकडच्या मळ्यात गेलेत, बोलावणं धाडू का? मी नको म्हणाले. तुम्हाला बोलावून घेतलेलं तुम्हाला आवडत नाही. पण नुसतं बसवतही नाही, म्हणून ओट्यावर बसून हे लिहिते आहे. ज्याला पत्र लिहायचं त्याच्याच दारात बसून.

गोदावरीत पाणी नाही, पात्रात झिरे खणलेत. गाडीतून बघितलं. ऊस वाळलाय. तुम्ही या वयात दिवसभर मळ्यात काय करता, असं वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "विहिरीच्या गाळाशी भांडतात."

माझ्या पत्रांचं काय होतं तेही तिनं सांगितलं. तुम्ही ती तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेता. प्रत्येक पत्र दोनदा. सहादेव सापडल्याचं पत्र आलं, त्या दिवशी तुम्ही पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलंत, "आमच्या पुष्पीनं मानूस हुडकला." आणि घरी येऊन वहिनीला दम दिलात, की हे तिला कळवायचं नाही. कळलं मला. तिला रागावू नका.

सहादेव परवा गेला. केशरबाईच्या घरात, दिवसाउजेडी. कानिफनाथचं कार्ड आलं. तेवीस दिवस मिळाले त्यांना. मी रडले, पण मला वाईट नाही वाटलं, दादा. काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर उन्हात डोळे दिपतात, तसं काहीतरी.

नदीकडच्या वाटेनं कुणीतरी येतंय. अजून लांब आहे, तोंड दिसत नाही. खांद्यावर फावडं आहे, डावा पाय जरा ओढतोय. तुमचा पाय कधीपासून दुखतोय? मला कुणी कळवलं नाही.

तुम्हीच आहात.

तुम्ही थांबलात. ओट्यावर बाईमाणूस बसलेलं दिसलंय तुम्हाला. कपाळावर हात धरून बघताय. आता फावडं खाली टेकवलंत, आणि तिथंच उभे आहात, चिंचेपाशी.

तुम्ही तिथून माघारी फिराल, असं वाटायच्या आत मी उठते. बाकीचं तोंडानं बोलू.